स्वनातीत विमानांची गर्जना सौम्य करण्याचे गणित

स्वनातीत विमान, म्हणजे ध्वनीहून अधिक वेगाने जाणारे विमान, डोक्यावरून गेल्यानंतर भूमीवर तोफ उडाल्यासारखा जोडधडाका ऐकू येतो. इंग्रजीत त्यास ‘सॉनिक बूम’ म्हणतात; प्रस्तुत लेखात आपण त्यास स्वनगर्जना म्हणू. विमान ध्वनीचा वेग ओलांडते त्या एकाच क्षणी हा धडाका होतो, असा समज विज्ञानाच्या विद्यार्थ्यांतही पुष्कळदा आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. शांत पाण्यातून होडी वेगाने चालली म्हणजे तिच्या नाळेपासून पाचरीच्या आकाराची लाट मागे पसरत जाते, आणि होडी चालत आहे तोवर ती तिच्यामागून ओढली जात असते. काठावर उभ्या असलेल्या एका मनुष्याच्या पायांशी ती एकदाच येऊन आपटते. पण काठावरील प्रत्येकाच्या पायांशी ती कधी ना कधी येतेच. स्वनातीत विमानामागे अशीच, परंतु शंकूच्या आकाराची, आघाततरंगाची लाट ओढली जाते. माख अंक १.४ असेल, म्हणजे विमानाचा वेग ध्वनिवेगाच्या १.४ पट असेल, तर ह्या शंकूचा अर्धकोन सुमारे ४६ अंश भरतो. माख अंक २ झाला की तो ३० अंशांवर येतो. विमान सुमारे १६ किलोमीटर उंचीवरून जात असता त्याची गर्जना भूमीवरील सुमारे ८० किलोमीटर रुंदीच्या पट्टीत ऐकू येते, आणि ह्या पट्टीची लांबी विमानाच्या स्वनातीत प्रवासाइतकी असते.

ह्या पट्टीत राहणाऱ्या लोकांचे काय, हा प्रश्न १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चार्ल्स येगर ह्यांनी बेल एक्स-१ विमानातून प्रथम ध्वनिवेग ओलांडला तेव्हा कोणाच्या मनात आला नसावा. प्रवासी वाहतुकीचा विचार सुरू झाल्यावर तो टाळता येईना. १९६४ च्या फेब्रुवारीपासून सहा महिने अमेरिकी शासनाने ओक्लाहोमा सिटी ह्या शहरावरून लष्करी विमाने मुद्दाम स्वनातीत वेगाने नेली. रोज आठ, ह्या हिशेबाने एकूण १,२५३ गर्जना नागरिकांनी ऐकल्या व त्यांची मते वेळोवेळी टिपली गेली. घर हादरणे व वस्तू खडखडणे हा अनुभव सर्वांत व्यापक होता. प्रयोगाच्या अखेरीस सुमारे २७ टक्के लोकांनी अशा गर्जनांसह कायमचे राहणे आपणांस शक्य नाही असे सांगितले. चारांपैकी तिघे सहन करावयास तयार आहेत, असा ह्याचा आशादायक अर्थ त्या वेळी काहींनी लावला. परंतु चारांपैकी एकास घर नकोसे करणारी वाहतूक कोणत्या लोकशाही देशात चालेल? १९७३ मध्ये अमेरिकेने आपल्या भूमीवरून नागरी विमानांस माख १ हून अधिक वेगाने उडण्याची मनाई केली. ही मनाई आवाजावर नव्हती, वेगावर होती, हे येथे ध्यानात ठेवावे. पुढील सारा इतिहास ह्या भेदाभोवती फिरतो. १९७६ मध्ये प्रवासी सेवेत आलेले आंग्ल-फ्रेंच कॉंकॉर्ड २००३ मध्ये निवृत्त होईपर्यंत जवळजवळ सागरावरूनच स्वनातीत उडत राहिले. लंडनहून बहारीनमार्गे सिंगापूरला जाणारी त्याची सेवा १९८० मध्ये बंद पडली, त्याच्या कारणांपैकी एक हे की भारताच्या हद्दीवरून स्वनातीत वेगाने जाण्यास त्यास मुभा नव्हती.

आता ह्या गर्जनेचे मोजमाप पाहू. कॉंकॉर्डखाली भूमीवर हवेचा दाब एकाएकी सुमारे ९५ पास्कलने वाढे. वातावरणाचा सर्वसाधारण दाब सुमारे १,०१,३०० पास्कल आहे. म्हणजे वाढ हजारांश भागाएवढी. आपण एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावरून आठ मीटर जिना चढून गेलो तर आपल्या कानांवरील दाब जवळपास इतकाच बदलतो, आणि आपणांस त्याची जाणीवही होत नाही. मग त्याच बदलाने खिडक्यांची तावदाने का थरथरावी? कारण जिन्यावरील बदल अर्ध्या मिनिटात होतो, आघाततरंगातील बदल काही मिलिसेकंदांत. भूमीवर नोंदलेला दाबाचा आलेख इंग्रजी ‘एन’ अक्षरासारखा असतो: प्रथम उभी चढण, नंतर तिरका उतार सामान्य दाबाच्याही खाली, आणि शेवटी पुन्हा उभी चढण. दोन उभ्या चढणी म्हणजे दोन धडाके. मोठ्या विमानाच्या बाबतीत ह्या संपूर्ण आलेखास सुमारे पाव ते एकतृतीयांश सेकंद लागतो, म्हणजे त्यातील बहुतेक ऊर्जा सेकंदास काही थोड्या कंपनांच्या कंप्रतेत असते व ती मानवी कानास ऐकूच येत नाही. कानास ऐकू येतात त्या आलेखाच्या कडा. तेव्हा दाबाची वाढ नाहीशी न करताही, तिच्या कडा बोथट केल्या तर गर्जना सौम्य होईल, ही आशा येथे निर्माण होते. प्रश्न एवढाच, की निसर्ग त्या कडांस बोथट राहू देईल काय?

प्रथमदर्शनी उत्तर प्रतिकूल दिसते. विमानाच्या निकट दाबाचा आलेख कितीही गुंतागुंतीचा असो, नाकाचा एक तरंग, पंखाच्या पुढील कडेचा दुसरा, एंजिनाच्या मुखाचा तिसरा, शेपटीचा चौथा. तो दूर जाता जाता ‘एन’ च्याच आकाराचा होत जातो. ह्याचे कारण तरंगाच्या वेगात आहे. दाब अधिक तेथे हवा किंचित तप्त असते व तरंगाच्या दिशेने किंचित सरकतही असते. म्हणून तरंगाचा अधिक दाबाचा भाग कमी दाबाच्या भागाहून अधिक वेगाने धावतो. दाबातील वाढ हजारांश धरली तर हा अधिक वेग सेकंदास ३० सेंटिमीटरांहूनही कमी येतो. इतक्या क्षुल्लक फरकाची दखल कोण घेईल! परंतु माख १.४ ने सुमारे १६ किलोमीटर उंचीवरून उडणाऱ्या विमानाच्या तरंगास तिरक्या वाटेने भूमीवर पोचण्यास मिनिट-सव्वा मिनिट लागते, आणि तेवढ्यात अधिक दाबाचा भाग सुमारे २० मीटर पुढे सरकतो. विमानाची लांबीच ३० ते ६० मीटर. म्हणजे मागच्या जोरदार तरंगाने पुढच्या दुबळ्या तरंगास गाठून त्यात मिसळून जावे, एवढा हा अवधी आहे. असे मिसळत मिसळत शेवटी पुढचा एक व मागचा एक असे दोनच प्रबळ आघाततरंग उरतात. हा हिशेब ढोबळ आहे, तथापि अरेषीय परिणाम किती सूक्ष्म असून किती निर्णायक ठरतो हे त्यावरून दिसून येते.

ह्या घटनेचे शिस्तबद्ध गणित जी. बी. व्हिटम ह्यांनी १९५२ मध्ये मांडले. त्यांच्या सिद्धांतात विमानाच्या जागी एक काल्पनिक गोल-छेदी पदार्थ घ्यावयाचा असतो, आणि त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ लांबीबरोबर कसे बदलते, किंबहुना त्या बदलाचा दरही कसा बदलतो (क्षेत्रफळाचे दुसरे अवकलज), ह्यावरून दाबाचा आलेख मिळतो. ज्या फलनाने हे दोन जोडले जातात त्यास व्हिटमचे ‘एफ-फलन’ म्हणतात. ते आबेलच्या समाकलाच्या स्वरूपाचे आहे. क्षेत्रफळाच्या वाढीत कोठे एकदम वाक आला की तेथे दाबाची चढण उमटते. १९५८ मध्ये एफ. वॉकडेन ह्यांनी पंखांवरील उत्थापक प्रेरणेचाही त्यात समावेश केला, आणि येथे एक गोष्ट स्पष्ट झाली जिची आठवण अतिउत्साही मंडळींस अधूनमधून करून द्यावी लागते. विमानास वर तोलून धरण्यासाठी हवेला खाली ढकलावे लागते, आणि हे ढकलणे भूमीच्या दृष्टीने छेदाचे क्षेत्रफळ वाढविण्यासारखेच आहे. सुमारे दीडशे टन वजनाचे कॉंकॉर्ड माख २ ने १६.५ किलोमीटर उंचीवर उडत आहे असे धरून सूत्रात आकडे घातले, तर केवळ वजनापोटी शेपटीपाशी सुमारे ४८ चौरस मीटरांचे क्षेत्रफळ जमा होते. त्या विमानाच्या धडाचा प्रत्यक्ष छेद सात-आठ चौरस मीटरांचा! म्हणजे धड सुईसारखे बारीक केले, तरी वजन आपली वर्दी भूमीवर पोचविल्यावाचून राहत नाही. गर्जना नाहीशी करता येत नाही. तिचा आकार तेवढा निवडता येतो.

आकार निवडण्याचा हा विचार १९६१ मध्ये एल. बी. जोन्स ह्यांनी पुढे आणला व कॉर्नेल विद्यापीठातील रिचर्ड सीबास आणि अल्बर्ट जॉर्ज ह्यांनी १९७२ पर्यंत तो पूर्णतेस नेला. त्यांनी प्रश्न उलटा केला. विमान दिले असता गर्जना कोणती, असे न विचारता, अमुक वजनाचे व अमुक लांबीचे विमान असेल तर कमीत कमी कोणती गर्जना शक्य आहे व ती कोणत्या क्षेत्रफळ-वाटणीने साधेल, असे त्यांनी विचारले. आबेलच्या समाकलाचा व्यस्त घेता येतो, म्हणून ह्या प्रश्नास उत्तर आहे. परंतु ते उत्तर मोठे विलक्षण निघाले. भूमीवरील धक्का किमान व्हावा असे वाटत असेल तर नाक तीक्ष्ण नसून बोथट असावे! बोथट नाकाने विमानाजवळ प्रबळ आघाततरंग उठतो, पण तो एकटाच पुढे निघून जातो, मार्गात लवकर क्षीण होतो, आणि त्याच्या मागचे तरंग त्यास गाठू शकत नाहीत. तीक्ष्ण नाकाचा तरंग प्रारंभी दुबळा असतो व म्हणूनच मागून येणारे सारे तरंग त्यात येऊन मिळतात. अर्थात बोथट नाकास हवेचा रोध फार होतो. म्हणजे आवाज वाचविला तर इंधन जाते. १९७९ मध्ये क्रिस्टीन डार्डेन ह्यांनी नाकाचा बोथटपणा मर्यादित ठेवून ह्या दोन मागण्यांत तडजोड करण्याची रीत दिली व खऱ्या वातावरणासाठी तिचे गणित संगणकावर बसविले. डार्डेनबाई १९६७ मध्ये अमेरिकेच्या लँगली येथील संशोधन केंद्रात आल्या त्या आकडेमोड करणाऱ्या स्त्रियांच्या विभागात. अशा हिशेब करणाऱ्या व्यक्तींनाच पूर्वी तेथे ‘कॉम्प्युटर’ म्हणत. आजही आरंभीचा आराखडा आखताना त्यांची रीत वापरात आहे.

तरीही मूळ शंका उरतेच. वीस मीटरांच्या सरकण्यातून हा निवडलेला आकार वाचतो कसा? त्याचे श्रेय वातावरणाच्या थरांस आहे. तरंग खाली येतो तसतशी हवा दाट होत जाते व सभोवतालचा दाब वाढत जातो. त्यामुळे तरंगातील दाबवाढीचे सभोवतालच्या दाबाशी प्रमाण झपाट्याने घटते. अरेषीय विकृती ह्या प्रमाणावर अवलंबून असल्याने बहुतेक विकृती वरच्या काही किलोमीटरांतच घडून जाते, आणि त्यानंतर आलेख जणू गोठतो. एकविध वातावरणात अंतर वाढेल तशी विकृती कितीही वाढत गेली असती. आपल्या वातावरणात तिला मर्यादा आहे. प्रिन्स्टनचे वॉलेस हेज ह्यांनी हे दाखवून दिले. विमान पुरेसे लांब असेल व तरंग सारख्या बळाचे असतील, तर ते एकमेकांस गाठण्यापूर्वीच भूमी येते. प्रस्तुत लेखकास ह्या साऱ्या विषयात सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे: सौम्य स्वनातीत विमान शक्य आहे ते आपल्या हवेचा थर खाली दाट व वर विरळ आहे म्हणून.

ह्या सिद्धांताचा प्रत्यक्ष आकाशात पडताळा येण्यास सुमारे तीस वर्षे जावी लागली. २७ ऑगस्ट २००३ रोजी एफ-५ ई ह्या लढाऊ विमानाचे नाक व पोट गणिताने सांगितले त्याप्रमाणे फुगवून ते कॅलिफोर्नियातील वाळवंटावरून उडविले गेले. दिसावयास ते पेलिकन पक्ष्यासारखे बेढब झाले होते. भूमीवरील यंत्रांनी नोंदलेल्या आलेखात पुढची उभी चढण कमी झालेली व तिच्यामागे सपाट माथा आलेला दिसला; त्याच जातीच्या न बदललेल्या विमानाने लागलीच केलेल्या उड्डाणात नेहमीचा ‘एन’ मिळाला. २४ जुलै २०१५ रोजी जपानच्या अंतराळ संस्थेने स्वीडनमध्ये सुमारे ३० किलोमीटर उंचीवर नेलेल्या फुग्यातून एंजिनरहित प्रतिकृती सोडून असाच पडताळा पुढील व मागील अशा दोन्ही धक्क्यांच्या बाबतीत घेतला.

मग संगणकाचे काम कोठे येते? व्हिटमचा सिद्धांत बारीक, सडपातळ पदार्थांसाठी आहे. खऱ्या विमानास एंजिनाचे मुख असते, नळकांड्यातून बाहेर पडणारा झोत असतो, पंख व धड ह्यांच्या सांध्यात तरंगांची परस्परांशी टक्कर होत असते. ह्यांतील काहीच क्षेत्रफळाच्या एका आलेखात नीट मावत नाही. ते जाणण्यासाठी प्रवाहाची मूळ समीकरणे, ऑयलरची अथवा श्यानतेसह नेव्हिअर-स्टोक्सची, अवकाशात बारीक जाळी पसरून सोडवावी लागतात. येथे प्रमाणाची अडचण उभी राहते. विमान ३० मीटरांचे, त्यावरील महत्त्वाचे बारकावे काही सेंटिमीटरांचे, आणि श्रोता १६ किलोमीटर खाली. साऱ्या अवकाशात सारखी बारीक जाळी पसरणे आजच्या कोणत्याही संगणकास शक्य नाही. म्हणून कामाचे तीन भाग पाडतात. विमानापासून त्याच्या लांबीच्या काही पट अंतरापर्यंत मूळ समीकरणे सोडवावयाची. तेथे मिळालेला दाबाचा आलेख घेऊन किरणमार्गाने तो वातावरणातून भूमीपर्यंत न्यावयाचा. आणि भूमीवरील आलेखापासून कानास जाणवणारी तीव्रता काढावयाची.

पहिल्या भागातील एक धोका विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा, कारण तो केवळ विमानशास्त्रापुरता नाही. जाळी भरड असली की संख्यात्मक रीती आघाततरंगास पसरट करतात. उभी चढण तिरकी होते. अन्य प्रश्नांत ही चूक उत्तरात थोडा ढिलेपणा आणते. येथे मात्र ती नेमकी आपणांस हव्या त्या दिशेने जाते: निष्काळजीपणे केलेला हिशेब विमान अधिक शांत असल्याचे सांगतो. जितकी जाळी वाईट तितके विमान चांगले! म्हणून जाळी आघाततरंगांच्या दिशेने, म्हणजे माख शंकूच्या कोनाने, तिरकी बसवितात, आणि जेथे जाळीच्या भरडपणाचा अंतिम उत्तरावर परिणाम अधिक तेथेच ती अधिक बारीक करतात. अमेरिकी अंतराळ संस्थेच्या एम्स केंद्रात मायकेल आफ्टोस्मिस व मारियन नेमेक ह्यांनी ‘कार्ट थ्री-डी’ ह्या कार्यक्रमात ही बारकाई यंत्राकडेच सोपविली. निरनिराळ्या देशांतील गटांनी एकाच दिलेल्या आकारावर आपापले हिशेब करून ते शेजारी शेजारी ठेवावे, अशा परिषदा २०१४, २०१७ व २०२० मध्ये भरल्या. स्वतःच्या हिशेबावर विश्वास ठेवण्याची ह्याहून प्रामाणिक रीत दुसरी नसावी.

विमानाचा आकार सुधारण्याचा प्रश्न ह्याहून निराळा आहे. समजा, विमानाचा पृष्ठभाग दोनशे संख्यांनी वर्णिला आहे. कोणती संख्या किती बदलली असता गर्जना किती घटेल, हे पाहण्यासाठी प्रत्येक संख्या किंचित हलवून पुन्हा सर्व समीकरणे सोडविली, तर एका पावलास दोनशे एक हिशेब लागतील, आणि अशी पावले पुष्कळ टाकावी लागतात. ह्या अडचणीवरील उपाय नियंत्रणाच्या गणितातून आला. विमानशास्त्रात तो प्रथम ओलिव्हिए पिरोनो ह्यांनी १९७४ मध्ये व नंतर अँटनी जेमसन ह्यांनी १९८८ मध्ये आणला. मूळ समीकरणांशी निगडित अशी दुसरी समीकरणे असतात, ज्यांस इंग्रजीत ‘ॲडजॉइंट’ म्हणतात. आपण त्यांस सहबद्ध समीकरणे म्हणू. मूळ समीकरणांत माहिती विमानाकडून श्रोत्याकडे वाहते. सहबद्ध समीकरणांत ती श्रोत्याकडून विमानाकडे उलट चालत येते, आणि पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूशी येऊन सांगते की ऐकू आलेल्या आवाजात तुझा वाटा एवढा. ही समीकरणे एकदाच सोडविली की दोनशे काय, दोन हजार संख्यांची प्रवणता एकदम हाती येते; खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. स्टॅनफर्ड येथे जेमसन, हुआन अलोन्सो व शिवा नादराजा ह्यांनी २००२ च्या सुमारास ही रीत गर्जनेस लावली, तेव्हा त्यांचे लक्ष्य विमानापासून काही अंतरावरील दाब हे होते. लँगली येथील श्रीराम राल्लभंडी ह्यांनी वातावरणातील प्रवासाचीही सहबद्ध समीकरणे मांडली आणि साखळी पुरी झाली: भूमीवरील श्रोत्याच्या कानापासून निघालेली माहिती वातावरण ओलांडून थेट विमानाच्या पत्र्यापर्यंत पोचू लागली. सीबास व जॉर्ज ह्यांनी उलटा विचारलेला प्रश्न आता खऱ्या विमानाच्या सर्व गुंतागुंतीसह विचारता येऊ लागला.

वातावरणातील प्रवासासाठी बर्गर्सचे समीकरण वापरतात, पण त्यात भर घालावी लागते. अरेषीय परिणाम चढण उभी करू पाहतो, तर हवेतील शोषण तिला तिरकी करू पाहते. भूमीवरील चढणीस किती मिलिसेकंद लागावे हे ह्या दोहोंच्या ओढाताणीत ठरते. ह्या शोषणात ऑक्सिजन व नायट्रोजन ह्यांच्या रेणूंची अंतर्गत कंपने मुख्य असतात आणि हवेतील बाष्पानुसार त्यांचा परिणाम बदलतो. म्हणजे तेच विमान त्याच उंचीवरून गेले तरी कोरड्या दिवशी व दमट दिवशी त्याचा आवाज वेगळा ऐकू येतो. भूमीलगतच्या थरातील वाऱ्याची खळबळ आणखी निराळी; ती आलेखास कधी टोकदार तर कधी गोलसर करून सोडते, आणि तिचे वर्णन सरासरीच्या भाषेतच करावे लागते.

आवाजाची जाणीव मोजण्यासाठी हार्वर्डचे एस. एस. स्टीव्हन्स ह्यांनी १९७२ मध्ये दिलेली श्रेणी रूढ आहे. तिच्यात कॉंकॉर्डची गर्जना सुमारे १०५ डेसिबेल भरते, आणि नव्या प्रायोगिक विमानासाठी ७५ हे लक्ष्य ठरविलेले आहे. ह्या श्रेणीत नऊ डेसिबेलांनी जाणवणारा मोठेपणा दुप्पट होतो. म्हणून तीस डेसिबेलांची घट म्हणजे जाणिवेत सुमारे दहापट घट. तोफेऐवजी थोड्या अंतरावर कोणी मोटारीचे दार लावल्यासारखा ‘धप्प’ असा आवाज. तथापि ही श्रेणी उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या कानाची आहे. ओक्लाहोमातील लोकांनी घर हादरण्याचा अनुभव अधिक सांगितला होता, आणि घर हादरते ते कानास न ऐकू येणाऱ्या मंद कंपनांनी. वजनामुळे येणारे क्षेत्रफळ ह्या मंद कंपनांतच मुख्यतः उतरते व आकार बदलून ते फारसे कमी होत नाही. ह्यामुळे केवळ एका अंकास लक्ष्य मानून यंत्रास शोध घेण्यास सोडले तर यंत्र तो अंक कमी करील, पण मांडणीवरची भांडी वाजतच राहतील, ही शक्यता दृष्टिआड करणे बरे नव्हे. घरातील अनुभवाशी जुळतील अशा श्रेण्यांचा अभ्यास म्हणूनच चालला आहे.

वरील सिद्धांत डोळ्यांपुढे ठेवून अमेरिकी अंतराळ संस्था व लॉकहीड मार्टिन ह्यांनी बांधलेल्या एक्स-५९ ह्या विमानाकडे पाहिले तर त्याचे विचित्र रूप आपोआप उलगडते. लांबी ३०.४ मीटर, पंखांचा विस्तार मात्र सुमारे ९ मीटर. लांबीपैकी जवळजवळ तिसरा भाग नुसते नाक. लांबी हवी ती क्षेत्रफळ सावकाश वाढावे म्हणून. एंजिन पाठीवर आहे, कारण त्याच्या मुखाशी उठणारे तरंग पंखाने झाकावे व वर निघून जावे. पोट शक्य तेवढे गुळगुळीत. वैमानिकास समोरची काच नाही. तिचा उंचवटा क्षेत्रफळाच्या आलेखात वाक आणील, म्हणून तो कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य पडद्यावर पाहून विमान चालवितो. माख १.४ व १६.८ किलोमीटर उंची ही त्याची नियोजित उड्डाणस्थिती होय. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी कॅलिफोर्नियातील पामडेल येथून त्याने पहिले उड्डाण केले. ते ध्वनीहून कमी वेगाचे होते.

नियोजित स्थितीबाहेर काय घडते, हे प्रकरण अजून पुरते सुटलेले नाही. विमान वेग वाढवीत असता अथवा वळत असता त्याच्या मार्गावर निरनिराळ्या क्षणी निघालेले तरंग भूमीवर एकाच ठिकाणी येऊन साचू शकतात, व तेथे गर्जना नेहमीच्या कितीतरी पट होते. अशा केंद्रीकरणात आलेखाचा काळजीपूर्वक निवडलेला आकार उपयोगी पडत नाही. प्रत्येक स्वनातीत प्रवासास वेग वाढविण्याचा टप्पा असतोच, तेव्हा तो कोणाच्या डोक्यावर घ्यावयाचा हे आधी ठरवावे लागेल. आपल्या देशात २० मे २०२० रोजी बेंगळुरूकरांनी मोठा धडाका ऐकला. तो वायुदलाच्या चाचणी-उड्डाणाचा होता, आणि विमान ३६ ते ४० हजार फुटांवर स्वनातीत वेगातून खाली येत असताना तो झाला असावा, असे संरक्षण खात्याने नंतर सांगितले. विमान ६५ ते ८० किलोमीटर दूर असले तरी असा आवाज ऐकू येऊ शकतो, हेही त्याने नमूद केले.

गर्जना टाळण्याची एक दुसरी वाटही आहे, ती येथे थोडक्यात सांगतो. उंचावर हवा थंड, म्हणून ध्वनीचा वेग सुमारे २९५ मीटर. भूमीवर तो ३४० मीटर. खाली येणारा तरंग त्यामुळे वरच्या बाजूस वाकतो, आणि विमानाचा वेग भूमीवरील ध्वनिवेगाहून कमी असेल तर तो भूमीस न टेकताच परततो. दोन वेगांचे प्रमाण सुमारे १.१५; तेवढ्या माख अंकापर्यंत ही सोय मिळते, वाऱ्यामुळे थोडी कमी-अधिक. अमेरिकेतील एक्सबी-१ ह्या खाजगी विमानाने २८ जानेवारी २०२५ रोजी माख १.१२ पर्यंत उड्डाण केले तेव्हा भूमीवर गर्जना ऐकू आली नाही. परंतु इतक्या अल्प लाभासाठी स्वनातीत विमानाचा खर्च कोण सोसेल, हा प्रश्न अभियंत्यांचा नसून हिशेबनिसांचा आहे.

६ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी १९७३ ची वेगबंदी उठवून तिच्या जागी आवाजाची मर्यादा घालण्याचा निर्देश दिला. वेगाऐवजी आवाज मोजावा हे शास्त्रदृष्ट्या योग्यच. पण मर्यादा किती असावी हे कोणताही संगणक सांगू शकत नाही. त्यासाठी लोकांस विचारावे लागते. २०१८ च्या नोव्हेंबरात टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे एफ-१८ विमानास विशिष्ट रीतीने सूर मारावयास लावून सौम्य ‘धप्प’ आवाज निर्माण केले गेले, आणि सुमारे ५०० स्वयंसेवी नागरिकांची मते घेतली गेली. एक्स-५९ विमानाच्या बाबतीतही अशाच, पण अधिक व्यापक पाहण्या योजलेल्या आहेत. त्यांत एक बारीक अडचण आहे. मत देणाऱ्या प्रत्येकाच्या दारी ध्वनिमापक ठेवता येत नाही. काही थोड्या ठिकाणची मोजमापे घेऊन बाकीच्या घरांशी किती आवाज पोचला हे त्या दिवसाच्या हवेवरून हिशेबानेच काढावे लागते. ज्या संगणकीय रीतीने विमान आखले त्याच रीतीने श्रोत्याच्या कानावरचा आवाजही अंदाजावयाचा, असे होते. त्या अंदाजातील चूक लोकांच्या मतांच्या आलेखास सपाट करते, आणि आवाज वाढला तरी नाराजी फारशी वाढत नाही असा भास त्यातून निर्माण होतो. संख्याशास्त्रात ही विकृती परिचित आहे व तिच्यावर उपायही आहेत. परंतु त्यासाठी प्रत्येक घराच्या अंदाजासोबत त्याची अनिश्चितता किती, हेही वातावरणाच्या हिशेबाने सांगितले पाहिजे. ह्या दिशेने करण्याजोगे काम पुष्कळ शिल्लक आहे, आणि त्यातील बराच भाग वातविवर वा विमान हाताशी नसताही, वातावरणाची नोंद व एक बरा संगणक ह्यांच्या बळावर करता येण्यासारखा आहे.